हौसाबाईची भाची

भर बाजारात, सकाळी साडेदहाला, भार्गवी डाव्या पायातली चप्पल रस्त्यात सोडून तीस-चाळीस पावलं पुढे निघून गेली आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. चप्पल तुटली नव्हती की कशात अडकली नव्हती. ती आपली पायातून निघाली, शहाळेवाल्याच्या गाडीसमोर बसून राहिली, आणि पाय तिच्याशिवाय चालू लागला. 'गो बाये, तुजी चप्पल हय रवली मगे!' अशी हाक अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे विकणाऱ्या बाईनं मारली, तेव्हा भार्गवीला वाटलं, असेल कुणीतरी वेंधळी. त्या वेंधळीला बघायला म्हणून तिनं मानही वळवली. दहा-बारा माणसं आपल्याच पायाकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर मग तिनं खाली पाहिलं. टाचेला बारीक खडी चिकटली होती. खडी दिसत होती, पण टोचत नव्हती. तो पाय जणू शेजारणीचा होता आणि चार दिवस सांभाळायला म्हणून हिच्याकडे ठेवला होता.

मालवणात तिला न ओळखणारं माणूस विरळा. चेहऱ्यानं नसेल, तर आवाजानं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, चौके-धामापूरमार्गे कुडाळला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे,' हे वाक्य एसटी स्टँडवरच्या भोंग्यातून नऊ वर्षं तीच म्हणत आली होती. त्याआधी नऊ वर्षं गाडीत वाहक होती. अशा बाईला भर रस्त्यात एक पाय उघडा टाकून गोंधळलेला चेहरा करण्याची सोय नसते. 'नवस आसा माजो,' ती ठसक्यात म्हणाली, 'अनवाणी चलूचो.' वळेसरवालीनं तिच्या उजव्या पायातल्या शाबूत चपलेकडे बघितलं. 'एकाच पायाचो?' 'दुसरो सोमवारपासून!' वळेसरवाली इतकी हसली की तिच्या मांडीवरची फुलं सांडली. भार्गवीही हसली, मागे जाऊन चप्पल पायात सरकवली, नीट बसलीय की नाही ते वाकून हातानं चाचपून पाहिलं आणि स्टँडकडे निघाली. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, नजर मात्र डाव्या पायावरून हलत नव्हती.

पायाची बातमी तशी नवी नव्हती. गेल्या मे महिन्यात फलाटावरच्या गाड्यांच्या पाट्या उजव्या डोळ्याला पुसट दिसायला लागल्या, तेव्हा चष्मा बदलला. मग बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा साखर तपासली. मग परकराची नाडी सैल सोडली तरी कमरेभोवती कुणी करकचून आवळल्यासारखं व्हायला लागलं आणि नवरा मंगेश तिला गोव्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी डोक्याचे, मणक्याचे फोटो काढले, कमरेतून पाणी काढलं आणि सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. गाडीच्या पाटीवर मावणार नाही असलं नाव. तिला त्यातलं काहीच कळलं नाही, पण मंगेशला लगेच कळलं. त्याचं पंप-मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि जगातल्या सगळ्या गोष्टी तो तिथूनच समजून घ्यायचा. परतीच्या वाटेवर, बांद्याला चहा पिताना तो म्हणाला, 'वायर बरी आसा तुजी. वरचा रबर खंय खंय उडाला. म्हणान करंट मधीच गळता.' जळालेली मोटर तो नव्यानं गुंडाळून द्यायचा. हे काही त्याला गुंडाळता येणार नव्हतं.

स्टँडवर तिनं मणका म्हणून सांगितलं. एसटीत मणका हा इभ्रतीचा आजार. तो नसेल तर माणूस काम करत नाही असंच लोक समजतात. मणक्याला कुणी हळहळत नाही, उलट आपापला मणका काढून दाखवतात. हळहळीची तिला लहानपणापासून धास्ती होती. ती सात-आठ वर्षांची असताना शेजारच्या काकीचं अर्धं अंग गेलं होतं. गावातून, वाडीतून माणसं बघायला यायची. येताना बिस्किटाचा पुडा आणायची, काकीच्या उशाशी ठेवायची आणि 'अगो बाये माजे, काय गो ह्या तुज्या नशिबाक इला!' म्हणून पदर डोळ्यांना लावायची. काकी भिंतीकडे तोंड करायची. माणसं निघून गेली की काकी पुडा भार्गवीकडे सरकवायची आणि भार्गवी ती बिस्किटं खायची, काकीच्या पायाशी बसून, एकेक करून, मिटक्या मारत. बिस्किटं गोड होती याची तिला अजून लाज वाटे. आजार परवडला, औषधाची इंजेक्शनं परवडली, पण तो पुडा आपल्या उशाशी यायला नको, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं. म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मंगेशनं सहा महिन्यांपूर्वी आणलेला कणकवलीच्या व्यायामवर्गाचा फोन नंबर डाळीच्या डब्याखाली ठेवून दिला होता. चप्पल सुटली त्या संध्याकाळी तिनं डबा उचलला.

वर्ग दर शनिवारी सकाळी. इशिता नावाची फिजिओथेरपिस्ट तो चालवते आणि जिल्ह्यातले याच आजाराचे सातजण तिथे जमतात, एवढं मंगेशला फोनवर कळलं होतं. भार्गवीनं साप्ताहिक सुट्टी बदलून घेतली. एसटीनं जायचं तर प्रत्येक वाहक 'बाई, खंय निघालात?' विचारणार, म्हणून जन्मभर लोकांना एसटीत बसवणारी ही बाई नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून, तोंडाला ओढणी गुंडाळून, चोरासारखी कणकवलीला निघाली. एक अट तिनं घातली होती, मंगेशनं आत यायचं नाही. त्यानं का म्हणून विचारलं नाही. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात उसळ-पाव खात बसेन म्हणाला. खरं कारण तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. घरात मंगेश तिच्याशी भांडत होता, मीठ जास्त पडलं तर बोलत होता, आणि ते चालू राहायला हवं होतं. त्या सातजणांच्या ओळीत त्यानं तिला एकदा बसलेलं पाहिलं की मीठ कितीही पडो, तो गप्प जेवेल असं तिला वाटायचं. ती स्वतः तरी तिथे बसायला कुठे चालली होती? एकदा नुसतं बघायचं आणि निघायचं, असं ठरवूनच ती स्कूटरवरून उतरली.

वर्ग भरायचा एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या खोलीत. शनिवारी सकाळी ती खोली इशिताला मिळायची. भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातलं थर्माकोलचं 'शुभविवाह' अर्धवट उरलेलं, हवेत जुन्या वरणाचा वास, आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांवर माणसं. एकजण काठीवर हनुवटी टेकून बसला होता. एक तरुण मुलगी पाय पसरून मोबाइल बघत होती. दारालगतच्या चाकाच्या खुर्चीत साठीची एक बाई, नाकात मोठी नथ, अंबाड्यात फूल, पाय खुर्चीच्या खालच्या पट्टीवर नीट ठेवलेले, दुसऱ्या कुणीतरी ठेवून दिल्यासारखे. भार्गवीची नजर त्या पायांवरच अडकली आणि कानात घूं झालं. हेच ते, तिला वाटलं, माझी गाडी इथेच जाऊन लागणार. ती उलट फिरणार इतक्यात इशिता वहीपेन घेऊन समोर आली. तिशीची, चटपटीत, केस घट्ट बांधलेले. 'तुम्ही कोणाबरोबर आलात?' तिनं विचारलं. इथे बहुतेक पेशंटांबरोबर घरचं कुणीतरी असायचं आणि ही बाई तर ताठ चालत आली होती. भार्गवीचं तोंड अठरा वर्षं प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायला शिकलेलं. 'यांच्याबरोबर,' ती म्हणाली आणि चाकाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

खुर्चीतल्या बाईनं तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि पायांपाशी जरा जास्तच वेळ पाहिलं. 'ही माजी भाची,' ती इशिताला म्हणाली. 'मालवणची. येतंय येतंय म्हणी होती, आज उगवली.' आणि भार्गवीला म्हणाली, 'उभी काय रवलंस गो खांबासारी? माजो टॉवेल खंय आसा?' टॉवेल खुर्चीच्या मागच्या पिशवीत होता. भार्गवीनं तो काढून दिला. अशा रीतीनं, पूर्वी कधीही न पाहिलेल्या फोंडाघाटच्या हौसाबाईची ती भाची झाली.

त्या खोट्यानं इशिताच्या चेहऱ्यावर एवढा आनंद का उमटला, ते भार्गवीला थोड्या वेळानं कळलं. इशिताचा नियम होता, ज्याला उभं करायचं त्याच्या मागे एक धडधाकट माणूस पाहिजे, कमरेचा पट्टा धरून. सातजण आणि ती एकटी, मग दुसरं करणार काय? हौसाबाईचा मुलगा मुंबईला, सून दुकानावर. ओळखीचा रिक्षावाला तिला फोंडाघाटाहून आणून सोडायचा आणि भाडी मारायला निघून जायचा. त्यामुळे चार महिने हौसाबाई येत होती आणि बसल्या बसल्या हात वरखाली करून परत जात होती. आजार तीस वर्षांचा, पायांत थोडं बळ अजून होतं, पण धरायला माणूस नाही म्हणून ते बळ खुर्चीत बसून होतं. आता माणूस आलं. त्या पहिल्याच दिवशी भार्गवीनं पट्टा धरला, इशितानं पुढून गुडघे अडवले, आणि हौसाबाई दहा आकड्यांपुरती उभी राहिली. उभी राहिल्यावर ती चांगलीच उंच निघाली. तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, 'मायझया, पलीकडे हॉटेल आसा होय? माका वाटला, नुसतो वास येता.' आणि सगळे हसले, सगळ्यांत जास्त भार्गवी. एकदाच यायचं ठरवलेली बाई पुढच्या शनिवारी पंधरा मिनिटं आधी पोचली.

वर्गात दुःखी तोंड करायला फारशी फुरसत नसायची. दहा वेळा उठाबसा करायच्या म्हटलं की मोजता मोजता कुणीतरी मध्येच आकडा विसरायचं, दुसरं त्याला चुकीचा आकडा पुरवायचं आणि दहाच्या चौदा होऊन जायच्या. त्यावरून भांडणं व्हायची. काठीवाला तो सत्यवान, वैभववाडीकडचा काजूबागाईतदार, बायको तुळसाला घेऊन रेल्वेनं यायचा आणि आपल्या चार जास्तीच्या उठाबसा पुढच्या शनिवारच्या हिशेबात धरा म्हणून इशिताशी घासाघीस करायचा. मोबाइलवाली प्राजक्ता शिरोड्याची, बँकेत नोकरीला. एका पायावर उभं राहायची तिची वेळ आली की हटकून तिचा फोन वाजायचा. आजूबाजूच्या तिघांचं मत, ती स्वतःच वाजवते. फेब्रुवारीत एकदा पुढच्या सभागृहात लग्न होतं, पंगती मागच्या मांडवात. वऱ्हाडातला एक टोपीवाला म्हातारा वाट चुकून आत आला, ओळीनं बसलेली माणसं पाहून रिकाम्या खुर्चीत बसला, सगळ्यांबरोबर हात वर केले, खांदे फिरवले, चांगली दहा मिनिटं निमूटपणे सगळं केलं आणि मग शेजारच्या सत्यवानाला हळूच विचारलं, 'पंगत कदी बसतली?'

भार्गवी हौसाबाईच्या मागे उभी राहून हे सगळं बघायची, आणि नुसती बघायची नाही. इशिता 'टाचा उचला' म्हणाली की खुर्चीमागे तिच्याही टाचा उचलल्या जायच्या. 'डोळे मिटून सरळ उभे राहा' म्हणाली की तीही मिटायची, आणि मिटल्या क्षणी जमीन पायाखालून सरकायची. डोळ्यांना दिसत होतं तोवर पाय कुठे आहेत ते तिला डोळेच सांगत होते. ते मिटले की कमरेखाली अंधार. मग तिला आठवायचा फोंडाघाट. तेवीस वर्षांची असताना त्याच घाटात, वळणावळणावर कलणाऱ्या गाडीत, हात न टेकता ती मागून पुढे तिकिटं फाडत जायची. दोन्ही पाय जरा फाकवलेले, गुडघे किंचित वाकवलेले, डावा खांदा सीटच्या दांडीला नुसता लागलेला. गाडी डावीकडे गेली की अंग उजवीकडे. त्यासाठी कधी विचार करावा लागला नव्हता. ड्रायव्हर म्हणायचे, हिच्या डोक्यावर पाण्याची कळशी ठेवा, कोल्हापूरपर्यंत थेंब सांडायचा नाही. ते अंग आता कुठे गेलं? तिनं डोळे मिटूनच पाय फाकवले, गुडघे मऊ केले, घाटातल्यासारखी उभी राहिली. हलणं जरा थांबलं. डोळे उघडले तर इशिता समोर. 'व्वा, सगळ्यांनी हौसाबाईंच्या भाचीसारखं उभं राहा बघू,' ती म्हणाली. भार्गवी लाजली, आणि खूश झाली, आणि खूश झाल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

मधल्या काळात हौसाबाईनं मावशीपण चांगलंच अंगी लावून घेतलं. 'तुज्या आवशीक मी सांगलेलंय, चेडवाक एसटीत घालू नको,' असं ती सगळ्यांदेखत भार्गवीला सुनवायची. भार्गवीची आई तिच्या लेखी तिची मधली बहीण होती, हट्टी, पण सोलकढी करावी तर तिनंच. खऱ्या आईला सोलकढी कधी धड जमली नाही, तरी भार्गवी मान डोलवायची. येताना ती मावशीसाठी मालवणचा गोड खाजा आणायची. मावशी तिच्यासाठी लोणच्याची बरणी आणायची. एकटीत मात्र दोघी कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत. 'तुमी माका भाची म्हणालात कशाक?' हे विचारायचं भार्गवीच्या दर शनिवारी ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं. कारण त्याचं उत्तर आलं की पुढचा प्रश्न आपल्याला येणार. वर्ग संपला की ती इशिताला सांगून टाकायचं ठरवायची, पुढच्या शनिवारी नक्की. पण पुढच्या शनिवारी हौसाबाई दहाऐवजी वीस आकडे उभी राहायची. मग तीस. मग उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकायला शिकली. खरं सांगितलं तर आपली लाज जाईल, ती गेली तरी चालेल असं आता भार्गवीला वाटू लागलं होतं. पण धरणारं माणूस खोटं निघालं तर हौसाबाई पुन्हा खुर्चीत बसेल, त्याचं काय? आणि नाही सांगितलं, आणि एखाद्या दिवशी पट्टा धरलेला असताना आपलाच पाय गेला तर? साठीची हाडं, खाली फरशी. रात्रभर डोळ्याला डोळा लागू नये असला हा विचार ती स्कूटरवर मागे बसून दर वेळी कणकवलीपर्यंत करायची, आणि मंगेश आरशातून विचारायचा, 'गप कशी आज?' त्याला बिचाऱ्याला भाचीपणाची गंधवार्ताही नव्हती.

एप्रिलातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळपासूनच हवा अडकली होती. उकाडा हा या माणसांचा खास वैरी. अंग तापलं की आधीच गळणारा करंट आणखी गळतो, म्हणून इशिता उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सगळ्यांच्या मानेवर ठेवायची. पेशंटांच्या. भाचीच्या मानेवर टॉवेल ठेवायचं कुणाला सुचणार? साडेअकराला लाइट गेली, पंखे थांबले, आणि नेमकं तेव्हाच हौसाबाई म्हणाली, 'आज मी चलतलंय.' इशिता म्हणाली, आज नको. हौसाबाई म्हणाली, तीनच पावलं, त्या खांबापर्यंत. 'अकरा वर्सां झाली,' ती म्हणाली, तेवढंच. इशितानं भार्गवीकडे पाहिलं. 'धराल ना नीट?' आणि भार्गवी, जिची डावी पोटरी मघापासून आतल्या आत थरथरत होती, त्याच सवयीच्या तोंडानं म्हणाली, 'हो, धरते ना.'

पहिलं पाऊल पडलं. पडलं म्हणजे हौसाबाईनं ते ओढलं, पण ओढलं तिनंच. दुसऱ्याला इशिता मागे सरकत होती, तिचे हात पुढे. भार्गवीच्या मुठीत पट्टा होता, पट्ट्यात हौसाबाईचा सगळा भार, आणि त्या भाराखाली तिचा डावा पाय हळूहळू पाण्यासारखा होत चालला होता. गुडघा मागे गेला. तिनं घाटातला पवित्रा घेतला, पाय फाकवले, पण पाय फाकले की नाही हे सांगायला पायच जागेवर नव्हता. अजून एकच पाऊल, तिनं मनाशी म्हटलं, हे एक निभाव. समोर हौसाबाईच्या मानेवर घामाचे थेंब होते, अंबाड्यातलं फूल मान हलेल तसं हलत होतं, आणि भार्गवीला एकदम स्वच्छ दिसलं की हे निभावणार नाही, ही बाई आता माझ्यामुळे पडणार, माझ्या अब्रूपायी पडणार. मग नऊ वर्षं सगळ्या स्टँडला ऐकू गेलेला आवाज त्या जेवणघरात फुटला. 'इशिता, खुर्ची घे! बेगीन! मी पेशंट आसंय, माजो पाय गेलो!'

इशितानं वळूनही न बघता पायानं मागची खुर्ची ओढली, हौसाबाईला काखांखाली धरून फिरवलं आणि तिच्यात बसवलं. खुर्ची करकरली, पण हौसाबाई बसली. मग भार्गवीच्या हातून पट्टा सुटला आणि ती फरशीवर बसली, बदकन, सगळ्यांच्या मधोमध, पाय दोन दिशांना. आठ-दहा महिने ज्याची धास्ती घेतली होती ते एवढ्यातच आटोपलं. फरशी गार होती. तिनं डोळे गच्च मिटले आणि ती वाट बघत राहिली, त्या 'अगो बाये माजे'ची.

ते आलं नाही. सत्यवान घसा खाकरून म्हणाला, 'बरा झाला, सांगलात एकदाचा. आमी कधीपासून वाट बघत होतंव.' भार्गवीनं डोळे उघडले. 'तुमका म्हायत होता?' त्यावर तुळसाच बोलली, सत्यवानाची बायको, खऱ्या धडधाकट सोबतिणींपैकी. 'बाये, आमी बरोबरची माणसां हय येवन काय करतंव? चाय पितंव, गजाली मारतंव. व्यायाम कोण करता? तूच एकटी पाठीमागे उभी रवान टाचो उचली होतंस.' प्राजक्तानं फोन खाली ठेवला. 'तुमी गोळी घेतात की इंजेक्शन?' तिनं विचारलं, बसचा नंबर विचारावा इतक्या सहज. 'इंजेक्शन,' भार्गवी म्हणाली. 'पोटाक मारू नकात, मांडयेक मारा, कमी ठणकता,' प्राजक्ता म्हणाली.

चिडली ती इशिता. तिची पुस्तकी मराठी पार वाहून गेली. 'म्हणजे सगळ्यांका म्हायत, मी एकटीच खुळी? हौसाबाई पडली आसती तर? कंबारडा मोडला आसता तर मी कोणाक तोंड दाखवलंय आसतंय?' खरंच होतं ते, आणि भार्गवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हौसाबाई मात्र खुर्चीतून शांतपणे म्हणाली, 'तिका बोलू नकात. माका पयल्याच दिसाक कळलेला. तीस वर्सां मी असल्या पायांक वळखतंय.' 'मग माका सांगलात कित्याक नाय?' इशितानं विचारलं. 'सांगलंय आसतंय तर माका उभी कोणी केली आसती?' इशितानं डोळे पुसले, आसवं रागाचीच असतील. मग वही उचलून ती पुन्हा पुस्तकी मराठीत म्हणाली, 'नियम बदलत नाही. सोबत माणूस नाही तर उभं राहणं नाही. हौसाबाई, पुढच्या शनिवारपासून तुम्ही बसून करायचं.' हौसाबाईनं मान हलवली आणि मांडीवरच्या टॉवेलाची घडी घालायला लागली. एक घडी, मग आणखी एक, आणखी एक, टॉवेल सुपारीएवढा होईपर्यंत.

भार्गवीला ती घडी बघवेना. रस्त्यापलीकडे एक धडधाकट माणूस बसला होता. त्याला हाक मारायची म्हणजे या फरशीवरच्या बाईला त्यानं बघायचं, या सातजणांत. आठजणांत, तिनं स्वतःला दुरुस्त केलं. ती उठायला लागली तेव्हा तुळसानं हात पुढे केला, पण इशिता म्हणाली, 'कुणी हात देऊ नका. कुशीवर व्हा. आता दोन्ही तळवे. गुडघा घ्या. खुर्ची धरा. घाई नको.' तिच्या आवाजात राग अजून होता, पण सांगत होती ती भार्गवीला, पेशंटला सांगावं तसं. कुशीवर, तळवे, गुडघा, खुर्ची. भार्गवी उठली, खुर्च्यांच्या पाठींना धरत धरत खिडकीपाशी गेली आणि ओरडली, 'अवो! आत येवा!'

मंगेश धावत आला, हातात पावाचा अर्धा तुकडा तसाच. दारात थांबला. त्यानं तिच्या साडीला लागलेली धूळ बघितली, सुटलेले केस बघितले, मग गोल बसलेल्या सगळ्यांना एकेक करून बघितलं. 'पडलंस?' 'पडलंय,' ती म्हणाली. 'उठलंय पण. ह्यो माजो वर्ग.' तो काय करेल याची इतके महिने तिनं कल्पना केली होती. त्यातलं त्यानं काहीच केलं नाही. 'आदीच बोलवलंस आसतंस तर! तीन महिने मी एकाच हॉटेलाची उसळ खातंय,' तो म्हणाला. तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिली.

'हे कोण?' इशितानं वही उघडली. भार्गवी सांगणार तेवढ्यात हौसाबाई खुर्चीत ताठ झाली, पदर खांद्यावर घेतला. 'माजो जावय,' ती म्हणाली. 'पयल्यांदाच इलो, आणि तुमी तेका दारात उभो केल्यात. तुळशे, चाय आण गो.' मंगेशनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान डोलवली. मग त्यानं पाव खिशात टाकला आणि कसलीही चौकशी न करता वाकून हौसाबाईच्या पायांना हात लावला. अशी ही सोयरीक पक्की झाली. इशिता हसू दाबत म्हणाली, 'जावईबापू, पट्टा धरता येईल?' त्यानं पट्ट्याचं बक्कल दोनदा ओढून तपासलं आणि म्हणाला, जमेल.

लाइट आली, पंखे फिरले. इशितानं बर्फाच्या पाण्यातून आठवा टॉवेल काढून भार्गवीच्या मानेवर ठेवला आणि गोलात आठवी खुर्ची लावली. भार्गवी तिच्यात बसली. शेवटच्या उठाबसा राहिल्या होत्या. इशिताचे दोन्ही हात मंगेशला शिकवण्यात गुंतलेले, म्हणून ती म्हणाली, आज सत्यवानानं मोजावं. सत्यवानानं काठी बाजूला ठेवली, खळ्यावर रास मापायला बसावं तसा सरसावून बसला. भात मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, बरकतीचा शब्द म्हणतात. त्याच्या तोंडी आपसूक तोच आला. 'लाभ!' तो म्हणाला, आणि भार्गवी सगळ्यांबरोबर उठली.